मॉडेल विमानाचा विमा आणि उडवायची जागा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बाल्सा लाकडाचे किंवा थर्मोकोलचे विमान मांडलेले आपण अनेकदा पाहतो. पंखांचा आकार, उद्धरण, ओढ, गुरुत्वमध्य यांविषयीची माहिती मुले उत्साहाने सांगतात. विमानात लहानशी मोटर आणि रेडिओ नियंत्रण बसवलेले असेल, तर बघणारा लगेच विचारतो, ‘हे खरेच उडते का?’ उत्तर ‘हो’ असेल तर त्यापाठोपाठ आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत, पण ते सहसा कोणी विचारत नाही. हे विमान उडवायचे कोठे? आणि ते कोणाच्या अंगावर किंवा घरावर पडले, तर भरपाई कोण देणार?

वरवर पाहता पहिला प्रश्न मोकळ्या जागेचा आहे आणि दुसरा पैशांचा. प्रत्यक्षात हे दोन प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एक सुटल्याशिवाय दुसरा सुटत नाही. ही गुंतागुंत ज्या देशात सर्वांत स्पष्ट दिसते, त्या अमेरिकेचे उदाहरण आम्ही या लेखात घेतले आहे. तेथील मॉडेल विमाने उडवणाऱ्यांची राष्ट्रीय संस्था १९३६ साली स्थापन झाली. सभासदत्व, विमा आणि उड्डाणाची जागा या तीन गोष्टी तिने एका साखळीत कशा बांधल्या, ते पाहू.

खेळणे की यंत्र?

प्रथम धोक्याचा अंदाज घेऊ. त्यासाठी नववीतले गतिज ऊर्जेचे सूत्र पुरेसे आहे. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याच्या निम्मे.

क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असतो. वेगवान गोलंदाजाने तो ताशी १४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर वेगाने टाकला, तर त्याची गतिज ऊर्जा साधारण १२० ज्यूल होते. हा चेंडू डोक्याला लागला तर काय होते, हे सर्वांना माहीत आहे. आता नवशिक्यांसाठी असलेले अडीच किलो वस्तुमानाचे मॉडेल विमान घेऊ. सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर हा त्याच्या दृष्टीने साधा वेग आहे. त्याची ऊर्जा ५०० ज्यूल येते. म्हणजे ती चेंडूच्या चौपट झाली. दहा किलोचे मोठे मॉडेल सेकंदाला ४० मीटर वेगाने जात असेल, तर ऊर्जा ८,००० ज्यूल होते. ऐंशी किलो वजनाचा माणूस सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या आसपासहून पडला, तर जमिनीवर आदळताना त्याची ऊर्जा जवळपास एवढीच असते.

पंख्याचा हिशेबही करून पाहावा. दहा इंच, म्हणजे २५.४ सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे १३३ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ४८० किलोमीटर वेगाने फिरते. अशा पंख्यात बोट गेले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

यात वेळेचाही प्रश्न आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारे विमान पाच सेकंदांत १०० मीटर अंतर कापते. नियंत्रण तीन सेकंद जरी सुटले तरी ते ६० मीटर पुढे गेलेले असते. शाळेच्या मैदानाची लांबी डोळ्यांसमोर आणली की हे अंतर किती थोडे आहे ते कळते.

आकडेमोडीतून दिसणारा हा धोका प्रत्यक्षातही घडलेला आहे. ९ डिसेंबर १९७९ रोजी न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियमवर फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात मॉडेल विमानांचे प्रात्यक्षिक चालू होते. त्यांतले गवत कापण्याच्या यंत्राच्या आकाराचे एक मॉडेल प्रेक्षकांत घुसले. दोघांना मोठी दुखापत झाली आणि त्यांतला एक जण पुढे दगावला. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागातील एका उद्यानात १९ वर्षांच्या तरुणाला त्याच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचे पाते लागले आणि तो जागीच मरण पावला. असे अपघात विरळा घडतात. पण विरळा घडणारी आणि घडल्यास भयंकर ठरणारी गोष्ट हाच विम्याचा खरा विषय आहे.

विम्याचे गणित

विमा म्हणजे काय, हे स्कूटर चालवणाऱ्या प्रत्येकाला थोडेफार ठाऊक असते. स्कूटरच्या विम्यात ‘थर्ड पार्टी’ नावाचा भाग असतो. आपल्या गाडीमुळे तिऱ्हाइताचे नुकसान झाले तर त्याची भरपाई त्यातून होते. मॉडेल विमानाचा विमाही मुख्यतः याच जातीचा आहे.

काही काल्पनिक आकडे घेऊन गणित मांडू. समजा, देशात मॉडेल विमाने उडवणारे १०,००० लोक आहेत. वर्षाला सरासरी दोन मोठे अपघात होतात आणि प्रत्येकाची भरपाई २० लाख रुपये येते. एकूण खर्च ४० लाख झाला. तो सर्वांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला ४०० रुपये येतात. त्यात कारभाराचा खर्च मिळवला तरी ही रक्कम परवडण्यासारखी आहे.

आता हाच विचार गावातल्या ५० जणांच्या क्लबने केला तर? याच प्रमाणाने त्यांच्याकडे सरासरी शंभर वर्षांत एकदा मोठा अपघात होईल. वर्षानुवर्षे काहीच होणार नाही आणि विम्याची गरज कोणालाच वाटणार नाही. पण ज्या वर्षी तो अपघात होईल, त्या वर्षी प्रत्येकावर ४०,००० रुपयांचा बोजा पडेल. क्लब त्याच दिवशी मोडेल आणि जखमी माणसाला भरपाई मिळणार नाही ते निराळेच.

संभाव्यतेच्या भाषेत हेच असे सांगता येते. एखादी विरळ घटना वर्षाला सरासरी ‘न’ वेळा घडत असेल, तर प्रत्यक्ष संख्या त्या सरासरीच्या आसपास साधारण ‘न’च्या वर्गमुळाइतकी कमीजास्त होते. सरासरी २ असेल तर चढउतार सुमारे १.४, म्हणजे सरासरीच्या ७० टक्के. सरासरी २०० असेल तर चढउतार सुमारे १४, म्हणजे फक्त ७ टक्के. समूह जितका मोठा, तितका पुढच्या वर्षीच्या खर्चाचा अंदाज पक्का. म्हणूनच असा विमा गावपातळीवरच्या क्लबला उभा करता येत नाही, त्यासाठी राष्ट्रीय संस्था लागते.

अकादमीचा विमा

अमेरिकेतील ही संस्था म्हणजे ‘अ‍ॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स’. यापुढे आपण तिला नुसते ‘अकादमी’ म्हणू. तिचे मुख्यालय इंडियाना राज्यातील मन्सी या गावी आहे. तेथे हजार एकरांहून मोठे उड्डाणक्षेत्र आणि मॉडेल विमानांचे संग्रहालय आहे. ब्रिटनमध्ये याच प्रकारचे काम ‘ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशन’ करते. तिचा इतिहास १९२२ पर्यंत मागे जातो.

अकादमीच्या सभासदाला वार्षिक वर्गणीबरोबर तिऱ्हाइताच्या नुकसानभरपाईचा विमा मिळतो. त्याची मर्यादा एका घटनेस २५ लाख डॉलर आहे. सभासद स्वतः जखमी झाला तर वैद्यकीय खर्चासाठी वेगळी, बरीच लहान रक्कम असते. मात्र या विम्याच्या तीन अटी नीट समजून घ्यायला हव्यात.

पहिली अट अशी की हा विमा दुसऱ्या क्रमाचा आहे. अमेरिकेत घर असणारे बहुतेक लोक घराचा विमा काढतात आणि त्यात काही प्रमाणात अशी जबाबदारीही धरलेली असते. तसा विमा असेल तर भरपाई आधी त्यातून घेतली जाते आणि ती अपुरी पडली तर अकादमीचा विमा कामाला येतो. ज्याच्याकडे दुसरा विमा नाही, त्याला अर्थातच हाच पहिला.

दुसरी अट म्हणजे उड्डाण अकादमीच्या सुरक्षा संहितेला धरून झालेले असले पाहिजे. माणसांच्या डोक्यावरून विमान न नेणे, माणूस बसलेल्या खऱ्या विमानाला नेहमी वाट देणे, मद्य घेऊन न उडवणे असे नियम या संहितेत आहेत. हौशी उड्डाणे एवढाच या विम्याचा विषय आहे. पैसे घेऊन केलेल्या कामाला त्याचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. स्वतःचे विमान कोसळून मोडले तर त्याची भरपाई मिळत नाही. ते दुःख ज्याचे त्यालाच सोसावे लागते!

दुसरी अट महत्त्वाची का? विमा आहे म्हणून माणूस बेफिकीर होण्याचा धोका असतो. एकाच्या बेफिकिरीमुळे सर्वांची वर्गणी वाढते. त्यामुळे एकमेकांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणे हे प्रत्येक सभासदाच्या हिताचे ठरते. विम्यासाठी एकत्र आलेला समूह असा आपोआप शिस्तीचाही समूह बनतो.

मैदान कोण देणार?

आता जागेचा प्रश्न. मॉडेल विमानाला धावपट्टी लागते आणि तिच्याभोवती बरीच मोकळी जमीन लागते. क्लबांना अशी जमीन विकत घेणे क्वचितच परवडते. शेतकऱ्याचे कुरण, नगरपालिकेचे उद्यान, कचरा टाकून भरून गेलेली आणि माती घालून बंद केलेली जागा अशा ठिकाणी बहुतेक क्लब भाड्याने किंवा परवानगीने आपले मैदान थाटतात.

जमीनमालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याला विमानात रस नाही. त्याला भीती एकच असते. उद्या अपघात झाला तर जखमी माणूस माझ्यावरही दावा लावील. अमेरिकेत असे दावे सर्रास होतात. येथे अकादमीची योजना उपयोगी पडते. अकादमीची सनद मिळालेल्या क्लबला जमीनमालकाचे नाव विम्यात जोडून घेता येते आणि तसे प्रमाणपत्र मालकाच्या हाती देता येते. नगरपालिकेच्या सभेत किंवा शेतकऱ्याच्या ओसरीवर बोलणी होतात, तेव्हा हा एक कागद बरेच काम करतो.

पण हा कागद टिकवायचा तर मैदानावर उडवणारा प्रत्येक जण अकादमीचा सभासद असला पाहिजे. म्हणून सनदप्राप्त क्लबच्या फाटकावर प्रथम सभासदाचे ओळखपत्र विचारतात. नवख्याला हा हट्ट वाटतो. वास्तविक एका बिगरसभासदाचा अपघात सगळ्या क्लबचे मैदान घालवू शकतो, हे त्यामागचे कारण आहे.

मैदानाची आखणीही याच विचाराने केलेली असते. धावपट्टीच्या एका बाजूला उडवणाऱ्यांनी उभे राहण्याच्या जागा, त्यांच्या मागे विमाने जुळवण्याची टेबले, त्याच्याही मागे प्रेक्षक आणि वाहने. विमाने फक्त धावपट्टीच्या पलीकडच्या बाजूला उडवायची. म्हणजे नियंत्रण सुटले तरी माणसे आणि विमान यांच्यात अंतर राहते. इंजिनाच्या आवाजावरही क्लब मर्यादा घालतात, कारण शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळेही मैदान हातचे जाऊ शकते.

क्लबची गरज पूर्वी आणखी एका कारणाने होती. अमेरिकेत मॉडेल विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा राखलेला होता. त्यात २० किलोहर्ट्‌झच्या अंतराने ५० वाहिन्या बसत. दोघांनी एकाच वाहिनीवर ट्रान्समीटर चालू केले तर दोन्ही संदेश एकमेकांत मिसळत आणि विमान कोसळे. यावर क्लबांनी साधा तोडगा काढला. मैदानावर एक फळी असे आणि तिच्यावर वाहिन्यांचे क्रमांक. ज्याने त्या क्रमांकाचा कपडे वाळत घालण्याचा चिमटा घेतला असेल, त्यानेच त्या वाहिनीवर ट्रान्समीटर चालू करायचा. पुढे २.४ गिगाहर्ट्‌झची यंत्रणा आली. तिच्यात प्रत्येक ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची जोडी सांकेतिक ओळखीने बांधलेली असते, त्यामुळे चिमट्याचे काम उरले नाही. पण एकाच आकाशात अनेकांनी उडवायचे तर आपसांत शिस्त हवी, हे चिमट्याने शिकवलेले तत्त्व कायम आहे.

आकाश कोणाचे?

जमीन मिळाली म्हणजे आकाश मिळाले असे नाही. आकाशाचे नियमन तेथील संघीय विमान वाहतूक प्रशासन करते. डिसेंबर २०१५ मध्ये त्याने हौशी उडवणाऱ्यांनाही नोंदणी सक्तीची केली. मे २०१७ मध्ये न्यायालयाने ती सक्ती रद्द ठरवली. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने कायदा करून ती पुन्हा आणली. २०१८ च्या कायद्याने हौशी उड्डाणांच्या अटी एकत्र मांडल्या.

त्या थोडक्यात अशा आहेत. उड्डाण केवळ हौसेसाठी असावे. विमान नजरेच्या टप्प्यात ठेवावे. अनियंत्रित आकाशात ४०० फुटांच्या वर जाऊ नये आणि विमानतळाजवळच्या नियंत्रित आकाशात आधी परवानगी घ्यावी. २५० ग्रॅमपेक्षा जड विमानाची नोंदणी करून तिचा क्रमांक विमानाच्या बाहेरच्या बाजूस लिहावा. सुरक्षेची एक विनामूल्य परीक्षा देऊन तिचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. शिवाय प्रशासनाने मान्य केलेल्या एखाद्या संघटनेची सुरक्षा संहिता पाळावी. अकादमी ही अशा मान्य संघटनांपैकी एक आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कायदा अकादमीचे सभासद व्हा असे म्हणत नाही, संहिता पाळा असे म्हणतो. सभासदत्वाची अट क्लबची आणि विम्याची आहे. स्वतःच्या शेतात, सर्व नियम पाळून, सभासद न होताही विमान उडवता येते. मात्र तेव्हा विम्याचे छत्र डोक्यावर नसते.

नंतर दूरस्थ ओळखीचा नियम आला. तो उडवणाऱ्यांना १६ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला आणि प्रत्यक्ष कारवाई १६ मार्च २०२४ पर्यंत शिथिल ठेवली होती. या नियमानुसार नोंदणी आवश्यक असलेल्या विमानाने उडताना आपली ओळख, स्थान आणि उंची रेडिओवरून सतत कळवत राहायची. कारखान्यात बनलेल्या ड्रोनमध्ये ही सोय बसवलेली असते. घरी बाल्सा कापून बनवलेल्या विमानात ती कोठून येणार? त्यासाठी एकतर वेगळे उपकरण बसवावे लागते, किंवा प्रशासनाने मान्यता दिलेल्या ठरावीक क्षेत्रातच उडवावे लागते. असे क्षेत्र मागण्याचा अधिकार व्यक्तीला नाही. तो मान्य संघटनांना आणि शिक्षणसंस्थांना आहे. त्यात शाळाही येतात! मान्यता ४८ महिन्यांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते.

म्हणजे जुन्या पद्धतीने, हाताने विमान घडवणाऱ्या मुलाला ते उडवता यावे यासाठी आज संघटित क्लबच्या मैदानाची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. विम्यासाठी जमलेल्या माणसांनी जी शिस्त दाखवली, तिच्या जोरावरच त्यांना आकाशाचा हा तुकडा मागता आला.

सभासद होताना

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबातील एखाद्या मुलाला हा छंद लागला, तर क्रम साधारण असा असतो. प्रथम जवळचा सनदप्राप्त क्लब शोधून एक दिवस नुसते पाहायला जावे. मग अकादमीचे सभासदत्व घ्यावे, सुरक्षेची परीक्षा द्यावी आणि नोंदणी करावी. नोंदणीचे शुल्क तीन वर्षांना पाच डॉलर आहे. हौशी उडवणाऱ्याच्या सर्व विमानांना एकच क्रमांक चालतो. वय १३ पेक्षा कमी असेल तर मोठ्या माणसाच्या नावे नोंदणी करतात. त्यानंतर क्लबची वेगळी वर्गणी भरावी लागते.

पहिली उड्डाणे शिक्षकाबरोबर होतात. शिक्षकाचा आणि विद्यार्थ्याचा ट्रान्समीटर एकमेकांना जोडलेला असतो. शिक्षक एक कळ दाबून धरतो तोवर विमान विद्यार्थ्याच्या हाती, कळ सोडताच ते शिक्षकाच्या हाती. चूक करू द्यायची, पण ती महाग पडण्याआधी सावरायची, ही रीत वर्गातल्या शिक्षकालाही ओळखीची वाटेल.

आपल्याकडे काय?

भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी मॉडेल विमानांची दखल वेगळी घेतली आहे. २५ किलोपर्यंतचे, केवळ शिक्षण, संशोधन, आरेखन, चाचणी किंवा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे दूरनियंत्रित विमान म्हणजे मॉडेल, अशी ती व्याख्या आहे. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग केलेले आहेत. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत, तर विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत उडवता येते. २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ वर्गाला तिऱ्हाइताच्या विम्यातून सूट आहे. त्यावरच्यांसाठी या नियमांनी मोटार वाहन कायद्यातील विम्याच्या तरतुदी लागू केल्या आहेत. म्हणजे वर दिलेले स्कूटरचे उदाहरण नुसते समजावण्यापुरते नव्हते.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागातील छात्र अनेक वर्षे मॉडेल विमाने बनवत आणि उडवत आले आहेत. ज्या गावात असा विभाग आहे, तेथील शिक्षकांनी त्यांच्या प्रशिक्षकांशी बोलावे, असे आम्ही सुचवू. विमान विकत घेण्याआधी आपली शाळा कोणत्या रंगाच्या विभागात येते ते नकाशावर पाहावे, विमा कंपनीकडे चौकशी करावी आणि जागेच्या मालकाची परवानगी लेखी घ्यावी.

वर्गात मात्र आजच सुरुवात करता येईल. हाताने फेकायचे, दूरनियंत्रण नसलेले ग्लायडर मुलांकडून बनवून घ्यावे. त्याचे वजन करावे, अंतर आणि वेळ मोजून वेग काढावा, गतिज ऊर्जेचे गणित करावे. मग शाळेच्या मैदानाचा आराखडा काढायला सांगावा. त्यात उडवणारा कोठे उभा राहील, बघणारे कोठे बसतील, विमान कोणत्या दिशेला जाईल, हे मुलांनी ठरवावे. शेवटी विचारावे, ‘आपल्यापैकी एकाच्या विमानाने शेजारच्या घराची काच फुटली, तर पैसे कोणी द्यायचे? ज्याने उडवले त्याने, की सगळ्या वर्गाने?’ या प्रश्नावर वर्गात दोन बाजू पडतील. त्या पडू द्याव्यात आणि प्रत्येक बाजूला आपल्या वाट्याची रक्कम काढून फळ्यावर मांडायला लावावी.